नाकाझातोचं देणं

ताकेशी नाकाझातो हरतो. हे आधीच फोडलं तरी कुणाचा विरस व्हायचं कारण नाही. काळ्या गाडीला टेकून तो बोलायला लागतो तेव्हाच बघणाऱ्याला कळतं, या गड्याचं काही खरं नाही. एवढं बोलणारी माणसं गोष्टीत जिंकत नसतात. ‘इनिशियल डी’ या जपानी ॲनिमे मालिकेत तो आधी नायकाकडून हरतो, मग पिवळ्या माझदावाल्या केइसुके ताकाहाशीकडून स्वतःच्या घाटात, भर पावसात हरतो, आणि पुढच्या पर्वात बाहेरगावाहून मित्सुबिशी घेऊन आलेल्या टोळीकडूनही हरतो. मालिकेच्या चाहत्यांत त्याची चेष्टा ठरलेली. मी मात्र त्याचं देणं लागते. त्याच्याआड उभ्या असलेल्या माझ्या मावसभावाचं तर लागतेच; पण ते दादाच्या तोंडावर बोलायची सोय नाही. बोलले तर रत्नागिरीपासून देवरूखपर्यंतच्या सगळ्या एसटी स्टँडवर त्याचा बोभाटा होईल.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. शुइची शिगेनो यांची ही चित्रकथा १९९५मध्ये कोदान्शाच्या ‘यंग मॅगझिन’मध्ये सुरू झाली आणि २०१३पर्यंत चालली. तिचे ४८ खंड झाले. पडद्यावर ती १९९८ साली आली. (त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे सलग धावायला लागली होती, त्यामुळे आमच्याकडे तेव्हा दुसऱ्या कुठल्या गाडीचं कौतुक असायचा प्रश्नच नव्हता.) गोष्ट घडते जपानच्या गुन्मा प्रांतातल्या अकिना नावाच्या डोंगरावर. अकिना हे नाव कल्पित, पण घाट बेतलाय तिथल्या खऱ्या हारुना डोंगरावर. रात्री पोरं तिथे गाड्या पळवायला जमतात. ताकुमी फुजिवारा हा शाळेत शिकणारा, अर्धवट झोपेत असल्यासारखा दिसणारा मुलगा. बापाचं टोफूचं दुकान. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणा. सातवीत असल्यापासून हा मुलगा पहाटे डोंगरावरच्या हॉटेलांत टोफू पोचवतोय. बाप गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवून देतो. पाणी सांडलं तर टोफूही फुटला असणार. गाडी जुनी टोयोटा, स्प्रिंटर ट्रुएनो, पोरांच्या भाषेत नुसतं ‘शहाऐंशी’. या मुलाला आपण काही विशेष करतोय याचा पत्ता नाही, आणि विचारलं तर सांगताही येत नाही.

नाकाझातो अगदी याच्या उलट. तो शेजारच्या मायोगी डोंगरावरच्या ‘नाइटकिड्स’ टोळीचा म्होरक्या. गाडी निसानची स्कायलाइन जीटी-आर, आर३२. हिच्याबद्दल त्याने बढाया माराव्यात यात काही गैर नाही, कारण गाडीचा इतिहासच तसा आहे. जपानमधल्या ग्रुप ए शर्यतींत १९९० ते १९९३ या चार वर्षांत ही गाडी २९ शर्यतींत उतरली आणि २९ जिंकली. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला १९९१ आणि १९९२, दोन्ही वर्षी तीच पहिली आली. तिथल्या लोकांनी तिला गॉडझिला नाव ठेवलं. २.६ लिटरचं इंजिन, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद, कागदावर २८० अश्वशक्ती. शहाऐंशीची १३०. नाकाझातोचा हिशेब सरळ आहे, आणि तो हिशेब तो भेटेल त्याला ऐकवतो. मागचं चाक सरकवत वळण घ्यायचं, ज्याला पोरं ड्रिफ्ट म्हणतात, ते त्याला दिखाऊ वाटतं. टायर रस्त्याला धरून राहिला पाहिजे, हे त्याचं मत. आधी त्याच्याकडे निसानचीच सिल्व्हिया होती. तिच्यात बसून तो एका आर३२कडून सपाटून हरला आणि मग त्याने तीच गाडी घेतली.

दादाने ही मालिका रत्नागिरीत आणली पुण्याच्या कुठल्याशा हॉस्टेलमधून, सीडींच्या चळतीत. तो तेव्हा आयटीआयला मोटार मेकॅनिक करत होता. आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, पावसच्या रस्त्यावर. मावशीचं घर कुंपणाला कुंपण लावून. जुलैच्या पावसात बागेत काम नसतं, लाईट असते-नसते, आणि जेव्हा असेल तेव्हा आम्ही दादाच्या संगणकासमोर. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मावशीला वाचता येत नसत म्हणून दादा सगळ्यांची सोंगं एकटाच काढायचा. ताकुमीच्या वाट्याला त्याने जेमतेम ‘हूं’ आणि ‘बरं’ दिलं होतं. बाप बुन्ता सिगरेट ओढत गप्प बसायचा, त्यालाही दादाने गप्पच ठेवलं. नाकाझातो आला की मात्र दादा खुर्चीतून उठायचा. ‘हे बघ बाय, ही गाडी म्हणजे काय वाटली तुला? घाटात माझ्यासमोर येणारा अजून जन्माला यायचाय.’ मूळ जपानीत तो काय म्हणत होता देव जाणे. मावशी भाजी निवडता निवडता म्हणायची, ‘हा तुझ्यासारखाच बोलतोय रे.’ दादाला ती स्तुती वाटायची.

पैज अशी लागते. केइसुके ताकाहाशी अकिनावर एका जुनाट शहाऐंशीकडून हरला, ही बातमी नाकाझातोच्या कानावर जाते. तो अकिनाच्या पायथ्याच्या पेट्रोल पंपावर येऊन निरोप ठेवतो, आणि ताकुमीचा मित्र इत्सुकी त्याला न विचारताच हो म्हणून मोकळा होतो. ताकुमी नाही म्हणत म्हणत शेवटी येतो. शर्यत उताराची. सुरुवातीला जीटी-आर अशी सुटते की गोष्ट तिथेच संपावी. आणि इथे नाकाझातो एक गोष्ट करतो जिच्याकडे पहिल्या वेळी माझं लक्ष गेलं नव्हतं. तो वेग कमी करतो. शहाऐंशीला मागे येऊ देतो. सरळ रस्त्यावर इंजिनाच्या जोरावर जिंकण्यात त्याला मजा नाही. त्याला वळणांत जिंकायचंय, त्या मुलाच्या घाटात, त्याच्या घरच्या उतारावर. पुढे उतार जसा लांबतो तसं गाडीचं वजन बोलायला लागतं. जड इंजिन पुढे, पुढचे टायर दमलेले, ब्रेक दमलेले. वळणात नाक हवं तिथे येत नाही. आणि मागून तो झोपाळू मुलगा आरशात कधी डावीकडे दिसतो, कधी उजवीकडे. शेवटी जीटी-आर कठड्याला घासते आणि शहाऐंशी निघून जाते.

दादाने सीडी थांबवली. ‘ब्रेक,’ तो म्हणाला. ‘ब्रेकनी गेला बिचारा.’

मग त्याने वहीचा कागद घेतला. आर३२चं वजन १४३० किलो. शहाऐंशी साडेनऊशेच्या आसपास. जड गाडीला तेवढाच वेग मारायला दीडपट काम. आणि उतारावर गुरुत्वाकर्षण दर क्षणी पुन्हा वेग देत राहतं, तोही ब्रेकनेच गिळायचा. ब्रेक तो गिळून कुठे ठेवणार? उष्णतेत. आयटीआयच्या पुस्तकात हे सूत्र होतंच, पण दादाने ते त्या पावसात मला मांडून दाखवलं. १४३० किलोची गाडी शंभर मीटर खाली आणायची, वेग वाढू द्यायचा नाही आणि सगळं काम ब्रेकवर सोडायचं, तर जेवढी उष्णता होते तिच्यात चार लिटरहून जास्त पाणी खळखळा उकळेल. पाच टन भरलेला टेम्पो असेल तर पंधरा लिटर. म्हणजे आमच्या न्हाणीघरातला बंब. फक्त शंभर मीटरला. ‘आता आंबा घाट किती उतरतो ते तूच बघ,’ असं म्हणून त्याने वही माझ्याकडे सरकवली. मी दहावीत होते, विज्ञानात काठावर. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे डोक्यात शिरतंय.

आता मामांबद्दल. हे कुणाचे मामा नव्हते. ड्रायव्हरला मामा म्हणायचं तसे ते सगळ्या वाडीचे मामा. बाबांच्या आणि आजूबाजूच्या बागायतदारांच्या पेट्या त्यांच्या टाटा ४०७मधून वाशीच्या मार्केटला जात. आमचा हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की झेल्याने देठासकट उतरवायचा, चीक अंगावर येऊ द्यायचा नाही, पेंढ्यात बसवून पेटी खिळायची, आणि तो पिकतो बाजाराच्या वाटेवर किंवा बाजारात. म्हणजे गाडीत जातो तेव्हा वरून कडक दिसतो, पण मार लागला तर तेव्हा दिसत नाही. चार दिवसांनी पिवळा होतो तेव्हा काळा डाग वर येतो, आणि तोवर दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आलेली असते. टोफू निदान जागेवर फुटतो. ताकुमीच्या बापाचा तो पेला बघून दादा म्हणाला होता, ‘मामांच्या गाडीत पेला नाय, पण ठेवला तर सांडायचा नाय.’

मामांना कुणी विचारलं की घाट कसा उतरवता, तर ते म्हणत, ‘ज्या गेरात चढलास त्या गेरात उतर.’ झालं. पुढे काही नाही. का, कसं, नाही तर काय होईल, कशाचं उत्तर नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्याचा मला शून्य उपयोग होता. मामा ताकुमीच्या जातीतले. त्यांच्या हातापायांना जे कळत होतं ते तोंडापर्यंत येतच नसे. क्लिनर म्हणून पोरं त्यांच्याकडे राहत, कंटाळत, निघून जात.

आता दादाचा पराभव. त्याने कर्ज काढून पिकअप घेतली होती, नवीकोरी, आणि त्या हंगामात बाबांकडे हट्टच धरला की निम्मा माल मी नेतो. मामा संध्याकाळी चहा पिऊन निघत. दादा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी जेवून निघतो आणि पनवेलला तुमची वाट बघतो. मामा हसले की नाही ते आठवत नाही. त्यांचं हसणं कुणाला दिसतही नसे.

हातखंब्याच्या तिठ्यावरून उत्तरेला वळलं की निवळीचा घाट उतरून बावनदी, मग संगमेश्वर, चिपळूण, परशुरामचा चढ, लोटे, भोस्त्याचा घाट उतरून खेड, आणि मग कशेडी. आता कशेडीत बोगदा झाला. तेव्हा वरूनच जावं लागे. खेडच्या बाजूने चढायचं आणि पोलादपूरला उतरायचं. दादाने परशुरामच्या चढावर मामांना गाठलं, डिपर मारला, हॉर्न वाजवला आणि पुढे गेला. कशेडीच्या माथ्यावर पोचला तेव्हा मामांचे दिवे मागे कुठे दिसतही नव्हते. तिथून खाली त्याने गाडी वरच्या गिअरमध्ये सोडली. इंजिनाने धरून ठेवायचं काम सगळं ब्रेकवर टाकलं. ज्याने मला बंबाचा हिशेब शिकवला त्याने.

चार-पाच वळणं छान गेली. मग वास आला. लायनरचा जळका वास ज्याने एकदा घेतलाय त्याला तो विसरता येत नाही. नाकापेक्षा घशात जास्त बसतो. मग पेडल मऊ लागायला लागलं, आणि एका वळणावर पायाखाली नुसतंच गेलं. दादाने गाडी तिसऱ्यात, मग दुसऱ्यात ओढली, हँडब्रेक थोडा थोडा धरला आणि डोंगराच्या अंगाला, गटाराला घासून उभी केली. चाकांतून धूर. हौद्यातल्या पेट्या पुढे सरकून केबिनला आदळलेल्या. तो पाण्याची बाटली घेऊन मागच्या चाकाशी वाकला, तोच ४०७चे दिवे वळणावर आले.

मामांनी गाडी पुढे नेऊन बाजूला घेतली. चाकाला दगड लावला. उतरून आले, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, ‘पाणी मारू नको. ड्रम तडकेल.’ मग दादाच्या गाडीच्या चाकांनाही दगड लावले, रस्त्याच्या कडेला बसले आणि तंबाखू मळली. चाकं हाताला सोसतील इतकी निवेपर्यंत दोघं तसेच. दादा म्हणतो, त्या वेळात मामा एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना एवढंच म्हणाले, ‘आता मागनं ये.’ वाशीला दोन्ही गाड्या उशिरा पोचल्या. मामांचाही भाव गेला. दादाच्या पेट्यांची पट्टी आली ती बाबांनी घडी करून खिशात ठेवली, कुणाला दाखवली नाही.

हे सगळं मला इतकं बारीक कसं माहीत? मी तर घरी झोपले होते. मामांनी कुणाला सांगितलंच नसतं. दादाने सांगितलं. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत, गडीमाणसं, बागेतले नेपाळी राखणे, मावशी, बाबा सगळ्यांसमोर, उभं राहून, हातवाऱ्यांसह. मामांची तंबाखू त्याने मळून दाखवली. पेडल खाली गेलं तो क्षण त्याने तीनदा सांगितला, दर वेळी थोडा अधिक भयंकर. अंगणात कोळशाने वळण काढलं आणि पायाने दाखवलं, इथवर ब्रेक धरत होता, इथे नाही. आणि शेवटी, मी शपथेवर सांगते, तो म्हणाला, ‘कशेडीत ब्रेक गेल्यावर गाडी उभी करणारा या तालुक्यात दुसरा दाखवा.’

बाबा उठून आत गेले. मला मात्र नाकाझातो दिसत होता. कारण तोही पहिल्या पराभवानंतर मालिकेतून नाहीसा होत नाही. पुढच्या शर्यतींच्या रात्री तो बघ्यांत येऊन उभा राहतो आणि शेजारच्याला सांगतो की आता काय होतंय, कोण कुठे चुकतोय, शहाऐंशी या वळणात काय करेल. नायक मुका, त्याचा बाप त्याहून मुका. मग बघणाऱ्याला समजावणार कोण? हरलेले. मालिकेतलं निम्मं वाहनशास्त्र आपल्याला हरलेल्यांच्या तोंडून कळतं. ज्याने एवढ्या मोठ्याने दावा केला होता त्यालाच सगळ्यांत नेमकं ठाऊक असतं की तो कुठल्या वळणावर खोटा ठरला. मामांच्या एका वाक्याचा अर्थ मला मामांनी कधी सांगितला नाही. तो मला दादाच्या कोळशाच्या रेघेने सांगितला.

आपल्याकडेही असा एक आहे, आणि तोही गाडीच हाकतो. विराटाचा मुलगा उत्तर. कौरवांनी गाई वळवल्या तेव्हा अंतःपुरात बसून म्हणाला, सारथी नाही म्हणून अडलंय, नाही तर एकटा पुरून उरलो असतो. सारथी मिळाला, बृहन्नडा, रथ निघाला, समोर भीष्म-द्रोण दिसले आणि उत्तरकुमार रथातून उडी टाकून पळत सुटले. इथवरची गोष्ट सांगून लोक हसतात आणि थांबतात. पण अर्जुनाने त्याला धरून आणलं आणि लगाम त्याच्याच हातात दिले. त्या दिवशी एकट्या अर्जुनाने सगळ्या कौरवांना हरवलं, त्याचा रथ या बोलघेवड्याने हाकला. व्यासांनी त्याला हे काम दिलं हे मला फार आवडतं. कीर्तनकार मात्र उत्तराच्या पळण्यापाशीच रेंगाळतात.

मी गाडी शिकावी असं घरात कुणाला वाटत नव्हतं. विरोधही नव्हता, नुसतं कुणाच्या मनात येत नव्हतं. बाबांची मारुती ८०० उभी असे, पण मुलींना स्कूटी पुरे. मामांना एकदा विचारलं तर ते म्हणाले, ‘बाय, ह्ये शिकवायचं नसतं, बसून बघायचं असतं.’ बसून मी खूप बघितलं. हातात चावी ठेवली ती दादाने. कशेडीच्या प्रकरणानंतर बँकेचे हप्ते थकले होते, पिकअप विकायला काढली होती, आणि त्याही दिवसांत तो संध्याकाळी कुंपणापलीकडून ओरडायचा, ‘चल गो, तुला ड्रायव्हर करतो.’

आधी चंपक मैदानावर. सगळी रत्नागिरी तिथेच शिकते. एका बाजूला क्रिकेट, दुसऱ्या बाजूला गचके खात जाणाऱ्या गाड्या. मग भाट्याच्या पुलावरून घरापर्यंत. मग थिबा पॅलेसकडे चढणाऱ्या रस्त्यावर मुद्दाम मध्येच गाडी थांबवायला लावून हाफ क्लच. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, माझा पाय थरथरतोय, आणि दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला सांगतोय, ‘थांब रे जरा, शिकतेय ती! एका महिन्यात तुझ्या पुढे जाईल!’ हे शेवटचं वाक्य त्याने म्हणायला नको होतं. पण एकदा म्हटल्यावर मला ती गाडी मागे न घरंगळता काढावीच लागली.

मला तेव्हा कळलं की फुशारकी मारणाऱ्या माणसाची एक मोठी सोय असते. त्याच्याकडे आत्मविश्वास गरजेपेक्षा इतका जास्त असतो की तो आजूबाजूच्यांना वाटला तरी त्याचं काही कमी होत नाही. मापात राहणारी माणसं दुसऱ्याबद्दलही मापातच बोलतात. बाबा म्हणाले असते, ‘बघू, जमलं तर.’ दादाच्या लेखी जमण्या-न जमण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शिकवणारा तो होता. माझं कौतुक तो स्वतःच्या खात्यावर करत होता, हे मला दिसत होतं. त्याने काय बिघडलं?

मग आरे-वारेचा रस्ता. गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कडेने जाणारा, वर चढून एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दाखवणारा. शनिवारी-रविवारी रत्नागिरीची पोरं बाइक घेऊन तिथे जे करतात ते बघून कुणालाही अकिना आठवावा. याबद्दल माझं मत दादासारखं नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाखाली रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. खुद्द हारुनावरही रस्त्याला मुद्दाम उंचवटे बसवलेत, मालिका बघून चाकं सरकवायला येणाऱ्यांसाठी. गतिरोधकाचं महत्त्व जपान्यांना आपल्याकडून शिकता आलं असतं. गंमत म्हणजे त्याच भागातल्या शिबुकावा शहराने गटाराच्या झाकणांवर मालिकेची चित्रं काढली आहेत, आणि ज्या खऱ्या टोफूच्या दुकानावरून ताकुमीचं दुकान बेतलं होतं त्याचा दर्शनी भाग इकाहोच्या संग्रहालयात नेऊन मांडलाय. एकीकडून या, दुसरीकडून हळू या.

आरे-वारेच्या उतारावर दादाने मला पहिल्यांदा ब्रेकला पाय लावू दिला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून म्हणाला, आता ऐक. इंजिन घुमलं, गाडी मागून कुणी धरल्यासारखी रेंगाळली आणि तशीच खाली आली. ‘हे मामांचं,’ तो म्हणाला. आणि लगेच, ‘पण मामांना हे समजावता आलं असतं का? सांग.’ नव्हतंच आलं.

आज बागेचा कारभार मी बघते. मे महिन्यात कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांकडे माल असतो तेव्हा बऱ्याचदा पिकअप मीच नेते. पाली, साखरपा, आंबा घाट चढून मलकापूर. येताना गाडी रिकामी, तरी घाटाच्या माथ्यावर आधी गिअर, मग उतार. समोरच्या ट्रकच्या मागे धुकं असेल, तो पन्नास फुटांवर दिसेनासा होत असेल, तरी माझा पाय ब्रेकवर जड होत नाही. यातलं किती मामांचं, किती दादाचं आणि किती त्या काळ्या गाडीवाल्याचं, याची वाटणी मला करता येत नाही. मामा आता नाहीत. त्यांच्या ४०७चा हौदा कुणीतरी नेला, सांगाडा बरेच दिवस उद्यमनगरच्या एका गॅरेजबाहेर होता. त्यांनी शिकवलेला, म्हणजे त्यांच्याजवळ टिकलेला, एकही माणूस नाही. त्यांच्या कलेचा एकुलता वारस म्हणजे त्यांच्याशी पैज लावून हरलेला हा पोरगा.

आणि तो पोरगा एसटीत आहे. पिकअप गेली, कर्ज बाबांनी आणि मावशीने मिळून फेडलं, आणि दादा बॅज-बिल्ला काढून महामंडळात चिकटला. वेग बांधलेली गाडी, पाठीमागे पन्नास माणसं, आणि वेळापत्रक. मला वाटलं होतं, संपला याचा नाकाझातो. कसला संपतोय. देवरूखच्या कॅन्टीनमध्ये नव्या ड्रायव्हर पोरांना घेऊन बसतो आणि कशेडीची गोष्ट सांगतो. पोरं हसतात, एकमेकांना कोपर मारतात. पण त्यातल्या एकाने मला सांगितलं की या माणसाबरोबर ड्युटी पडली की उतारावर गिअर कधी पाडायचा ते तो आधी मोठ्याने बोलतो आणि मग पाडतो. दर वळणाला. बडबडीने डोकं उठतं, तो पोरगा म्हणाला, पण ध्यानात राहतं.

मी त्याचे कधी आभार मानले नाहीत. आमच्याकडे भावंडांत ती पद्धत नाही. एकदा दिवाळीत, नव्या पिकअपची पूजा झाल्यावर, नारळ फोडून बाबांनी चावी माझ्या हातात दिली तेव्हा तो कुंपणापाशी उभा होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर लाथेने वाजवून बघितले, बॉनेट उघडून विनाकारण आत डोकावला. म्हणाला, ‘चांगली घेतलीस. पण तुला अजून आंबा घाट नाय येत. मागच्या वेळी साखरप्याच्या अलीकडे मी तुझ्या मागे होतो एसटी घेऊन. वळणात आत जास्त जातेस.’ मग हात पुढे केला, ‘आण ती चावी. बस बाजूला, दाखवतो.’ मी चावी दिली आणि बाजूच्या सीटवर जाऊन पट्टा लावला.